एक सूत मोठा

१

सुट्टीच्या दिवशी दुपारची जेवणं उरकली, की काकू पुढच्या खोलीत एक जुनी चादर अंथरून बसायच्या. मिस्त्रींनी आठवडाभरात खिशात, पिशवीत, टोपीत, जिथे म्हणून कोंबता येईल तिथे कोंबून घरी आणलेलं सामान त्या चादरीवर ओतलं जायचं आणि निवडणं सुरू व्हायचं. स्क्रू वेगळे, खिळे वेगळे, वॉशर वेगळे, बिजागऱ्या जोड्या लावून वेगळ्या. काकूंचे डोळे चादरीवर कमी आणि खिडकीबाहेर जास्त असायचे, कारण हे काम त्यांची बोटंच करत. स्क्रू चिमटीत आला रे आला की बोटांना कळायचं, हा कुठल्या डब्यातला. मिस्त्री म्हणायचे, "हिला डोळे बोटांना दिलेत देवानं, आणि उरलेल्या सगळ्या अंगाला जीभ." यातला पहिला अर्धा भाग काकूंना मान्य होता.

त्या दिवशी चादरीवर नेहमीचं सामान नव्हतं. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्या म्हाताऱ्यानं दुकान आवरतं घेतलं होतं, आणि जाता जाता एक पत्र्याचा डबा मिस्त्रींच्या हातात ठेवला होता. "यात काय काय आहे ते मलाच ठाऊक नाही. तुझी बायको निवडेल," म्हणाला. काकूंना इतका आनंद झाला की त्यांनी खरकटी भांडी तशीच टाकून तो डबा उपडा केला. खोटं कशाला सांगायचं, एखादीला दागिन्यांच्या पेटीचा होणार नाही तेवढा त्यांना त्या डब्याचा झाला होता.

अर्ध्याहून जास्त ढीग निवडून झाला असेल नसेल, आणि बोटं थांबली.

काकूंनी खाली पाहिलं. चिमटीत एक स्क्रू होता. दिसायला अगदी साधा. चपट्या डोक्याचा, डोक्यावर सरळ खाच, रंग जुन्या पितळेसारखा पण पितळ नव्हे. बोटांना त्याचं माप सांगता येईना. असं आजवर कधी झालं नव्हतं. बोटं पुन्हा पुन्हा त्याच्यावरून फिरत होती आणि ओळखीचा माणूस समोर यावा पण नाव काही केल्या ओठांवर येऊ नये, तशी अडत होती.

"असेल काहीतरी एक इंची," काकू स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी तो इंचाच्या स्क्रूशेजारी ठेवला. तो एक सूत मोठा निघाला.

मग सव्वा इंचाच्या डब्यातला काढून शेजारी ठेवला. त्याच्यापेक्षाही तो एक सूतच मोठा. सुतारकामाच्या घरात आयुष्य गेलेल्या बाईला सूत म्हणजे किती हे सांगावं लागत नाही; इंचाचे आठ भाग करा, त्यातला एक. काकूंनी दोन इंची काढला. पुन्हा एक सूत. शेवटी पलंगाला लावतात तो वीतभर लांब बोल्ट त्यांनी कपाटाखालून ओढून काढला आणि स्क्रू त्याच्या कडेला टेकवला.

एक सूत मोठा.

काकूंनी डोळे चोळले. स्क्रू चादरीवर होता तसाच पडला होता, करंगळीच्या पेराएवढा.

२

"अहो, जरा इकडे या," काकूंनी हाक मारली.

मिस्त्री जिभेनं दाढ हलवत हलवत आले. गेले कित्येक दिवस त्यांची एक दाढ हलत होती. दातांच्या डॉक्टरकडे जायच्या नावानं मात्र बोंब होती. "काय झालं? साप निघाला का डब्यातनं?"

काकूंनी स्क्रू पुढे केला आणि सगळं करून दाखवलं. इंची, दोन इंची, बोल्ट. मिस्त्री आधी हसले. मग उकिडवे बसले. मग त्यांनी चष्मा लावला.

"तू तिरका ठेवतेस. दे इकडे."

त्यांनी सरळ ठेवला. एक सूत मोठा.

"बघ, काय असतं," मिस्त्री समजावणीच्या सुरात म्हणाले, "आटे बारीक असले की डोळा फसतो. लांबी जास्त वाटते. आमच्या धंद्यात होतं असं."

"तुमच्या धंद्यात वीतभर जास्त वाटते?"

"तू गप गं जरा."

त्यांनी पिशवीतून लोखंडी फूटपट्टी काढली. त्या पट्टीवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. पट्टी चादरीवर ठेवून त्यांनी स्क्रू तिच्या कडेला लावला, टोकाला टोक जुळवलं, आणि दोघंही वाकून बघायला लागले. पट्टी संपत होती त्याच्या पुढे स्क्रूचं टोक आलं होतं, बरोब्बर एक सूत. आणि तरीही मिस्त्रींनी तो उचलला तेव्हा तो त्यांच्या तळहातावर मावत होता, भोवती भरपूर जागा ठेवून.

स्वयंपाकघरातला नळ टपटपत होता तेवढाच आवाज. काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण खरं सांगायचं तर तो भीतीचा नव्हता. लहानपणी पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा आला होता, त्या जातीचा तो काटा होता.

"पट्टी आखडली असेल उन्हानं," मिस्त्री शेवटी म्हणाले.

"लोखंड उन्हानं आखडतं होय?"

"मग तूच सांग काय ते!"

आतल्या खोलीतून लेकीचं हसणं ऐकू आलं. "आई, बाबा, काय चाललंय तुमचं दोघांचं? टाकून द्या ना तो स्क्रू."

लेकीचे दिवस भरत आले होते. जावई बोटीवर, त्याला यायला अजून अवकाश, म्हणून ती इकडे येऊन राहिली होती. आतली सामानाची खोली मिस्त्रींनी तिच्यासाठी रिकामी करून, घासूनपुसून, खिडकीला पडदा बिडदा लावून दिली होती. पहिलीच खेप, शिवाय पहिले महिने तिनं फार त्रासात काढले होते. मध्यंतरी एकदा तर सगळं हातचं जातंय की काय अशी वेळ आली होती. तेव्हापासून काकू घरात चालतानासुद्धा पाय जपून टाकायच्या. त्या बाळाच्या वाटेवर दोघांचे डोळे लागले होते, आणि हे ते एकमेकांशी बोलतही नसत.

"टाकून कसा द्यायचा?" मिस्त्रींनी आत ओरडून सांगितलं. "आपल्या घरात स्क्रू टाकत नाहीत."

हे खरं होतं. या घराची रीतच होती ती. अनोळखी स्क्रू मिळाला, की तो घरातल्या प्रत्येक रिकाम्या भोकात लावून बघायचा. कुठेतरी बसतोच, असं मिस्त्रींचं ठाम मत. त्यापायी घरात असली एकेक कलाकुसर झाली होती, की कपाटाच्या एका बिजागरीला चार तऱ्हांचे स्क्रू.

"बाळ बघ गं कसं उड्या मारतंय आज," लेक आतून म्हणाली. "आजोबांचा आवाज चढला की यालाही चेव येतो."

३

रिकाम्या भोकांची वरात निघाली. पुढे मिस्त्री, मागे काकू. स्वयंपाकघराची फळी झाली, आरशाची चौकट झाली, डुगडुगणारं स्टूल झालं. कुठे तो सैल पडायचा, कुठे आत शिरायलाच तयार नसायचा.

"राहिलं काय आता?" मिस्त्रींनी विचारलं.

काकूंनी आतल्या खोलीच्या दाराकडे बोट केलं.

त्या दाराच्या चौकटीवर एक उभी लोखंडी पट्टी होती, घर घेतलं तेव्हापासूनची. वर एक स्क्रू, खाली एक, आणि मधलं भोक रिकामं. ते भोक म्हणजे मिस्त्रींच्या डोक्याला कायमचा ताप. कुठलाही स्क्रू घाला, गोल गोल फिरायचा आणि धरायचा नाही. काड्या ठोकल्या, लांबीचा लगदा भरला, सगळं गळून पडलं. त्यामुळे पट्टी मधून उचललेली, आणि त्यामुळे दार कधी धड लागायचं नाही. एकदा काकूंनी विणायची सुई त्या भोकात घालून बघितली होती. सुई आख्खी आत गेली आणि तिचं टोक कशालाच लागलं नाही. "भिंत पोकळ असेल," असं मिस्त्री तेव्हा म्हणाले होते. भिंत जेमतेम वीतभर जाडीची होती आणि तिच्या पलीकडे अंगण होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण दार लागत नाही म्हणून कुणाचं अडलं नव्हतं, आणि विषय तिथेच राहिला.

मिस्त्रींनी स्क्रू भोकाला टेकवला. तो आपणहून थोडा आत गेला.

"अरे वा!" मिस्त्रींचे डोळे चमकले. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावला आणि फिरवायला लागले. स्क्रू लोण्यात शिरावा तसा आत चालला. मिस्त्री फिरवत होते, मूठ बदलत होते, पुन्हा फिरवत होते. करंगळीच्या पेराएवढ्या स्क्रूला किती वेळ लागावा? काकू बघत राहिल्या. त्याचं डोकं पट्टीपासून जेवढं लांब होतं तेवढंच दिसत होतं, आणि तरी तो आत जातच होता. मिस्त्रींच्या कपाळावर घाम आला, पण चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की काकूंना त्यांना थांबवावंसं वाटेना.

मग तो लागला. डोकं पट्टीत बसलं.

"आता अर्धा फेरा मागे घ्या," काकू म्हणाल्या. शेवटचा स्क्रू कसला की अर्धा फेरा उलटा द्यायचा, ही मिस्त्रींचीच शिस्त. लाकूड फुगतं, आखडतं. त्याला हलायला जागा ठेवली नाही तर ते फाटतं. नव्या नवरीला शिकवावी तशी ही गोष्ट त्यांनी काकूंना लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवली होती.

"लाकडाला अर्धा फेरा," मिस्त्री म्हणाले. "हे लोखंड आहे. लोखंड पूर्ण कसायचं असतं." आणि त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून तो शेवटचा फेरा दिला.

टक् असा आवाज झाला. आवाज बारीक होता, पण तो दारातून आला नाही. तो घराच्या चारी बाजूंनी आला.

४

आधी काकूंच्या लक्षात आलं ते नळाचं. टपटप थांबली होती.

मग मिस्त्रींनी दार लावून पाहिलं. ते आवाज न करता आलं आणि चौकटीत असं बसलं की मध्ये केस शिरणार नाही. "बघितलंस?" मिस्त्री लहान पोरासारखे हरखले. रस्त्यावरून एक ट्रक गेला. घराच्या खिडक्यांच्या काचा ट्रक गेला की हटकून थडथडायच्या. आज हूं की चूं नाही. डुगडुगणारं स्टूल काकूंनी हलवून बघितलं. चारही पाय जमिनीला टेकलेले.

"आख्खं घर कसलं गेलं गं!" मिस्त्री म्हणाले, आणि बोलता बोलता एकदम गप्प झाले. त्यांनी जीभ फिरवली. मग बोट तोंडात घातलं. "दाढ," ते बोटासकट म्हणाले. "माझी दाढ हलत नाहीये."

काकू हसल्या. हसता हसता त्यांनी सवयीनं बोटातली अंगठी फिरवली. ती अंगठी सैल झाली होती, फिरवता फिरवता विचार करायची त्यांना खोड होती. अंगठी फिरली नाही. ती घट्टही वाटत नव्हती, रुतलीही नव्हती. फक्त होती तिथे होती.

त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. घरात इतकी शांतता काकूंनी कधी ऐकली नव्हती. घर रिकामं असलं तरी कुठे काहीतरी चालू असतं. वासे कुरकुरतात, पत्रा तडतडतो, कपाटाचं दार उगाच किलकिलं होतं. आता सगळं आपापल्या जागी बसलं होतं. खिडकी सताड उघडी होती, बाहेर झाडाची पानं हलताना दिसत होती, आणि पडदा मात्र सरळ खाली लोंबत होता. काकूंनी त्याच्यावर फुंकर मारली. पडदा हलला नाही.

किती नीटनेटकं, असं त्यांना वाटून गेलं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, हे कुणासाठी एवढं नीटनेटकं केलंय?

५

"आई," लेक म्हणाली.

तिच्या आवाजात असं काही होतं की दोघंही एकदम वळले. ती पलंगावर उठून बसली होती, दोन्ही हात पोटावर.

"मघापासून हललं नाही गं बाळ."

"झोपलं असेल," काकू म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "मघाशी एवढ्या उड्या मारल्या, दमलं असेल."

"नाही आई. झोपलं तरी कळतं मला. असं... कुणी हात धरून ठेवल्यासारखं वाटतंय."

काकूंनी तिला साखरेचं पाणी दिलं, डाव्या कुशीवर निजवलं, पोटाला कान लावला. मिस्त्रींनी दवाखान्यात फोन केला. तिथल्या नर्सबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, वाट बघत बसू नका, आत्ता लगेच घेऊन या.

"चला," मिस्त्री म्हणाले. "मी गाडी बोलावतो. तुम्ही तोवर बाहेर या."

ते पुढच्या दाराकडे धावले. मग काकूंना कडीचा आवाज ऐकू यायला हवा होता, तो आला नाही.

"अहो, काय झालं?"

"कडी हलत नाहीये!"

आयुष्यभर ज्यानं लोकांची अडकलेली दारं उघडून दिली, तो माणूस स्वतःच्या घराच्या कडीशी झुंजत होता. तेल सोडलं, हातोडी घेतली. हातोडीच्या घावाचासुद्धा आवाज नीट येत नव्हता. मागचं दार तसंच. खिडक्यांना गज. मिस्त्री धापा टाकत आतल्या दाराशी परत आले आणि त्यांनी पट्टीवरच्या त्या स्क्रूला स्क्रू ड्रायव्हर लावला. मानेच्या शिरा तटतटून फुगल्या. स्क्रू ढिम्म हलला नाही. उलट लेक आतून कळवळली, "बाबा, नको, नको, अजून आवळतंय!"

मिस्त्रींनी हात काढला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी कसला गं तो," ते म्हणाले. "मीच कसला."

"ते नंतर," काकू म्हणाल्या. "तुम्ही कडीचं बघा. हे माझ्याकडे द्या."

६

काकू गुडघे टेकून पट्टीसमोर बसल्या. बाहेरून हातोडीचे घाव कापसात गुंडाळल्यासारखे येत होते. पलंगावर लेक छताकडे बघत बाळाशी बोलत होती, अगदी हळू, त्याला रागावल्यासारखं: "हे बघ, आता गंमत पुरे झाली हं."

काकूंनी खाचेत स्क्रू ड्रायव्हर बसवला, पण जोर लावला नाही. निवडताना करायच्या तसे डोळे मिटले आणि नुसती बोटं टेकवून ठेवली.

मन आपलं म्हणत होतं, बाई, गंज असेल, नाहीतर आटे बसले असतील. बोटं मात्र दुसरंच सांगत होती. स्क्रू अडकलेला नव्हताच. तो फिरत होता. इतक्या सावकाश की डोळ्यांना कळू नये, पण फिरत होता, आणि कसला जात होता. पलीकडून कुणीतरी तो कसत होतं.

काकूंच्या मानेवरचे केस उभे राहिले. तरी त्यांनी बोटं काढली नाहीत. थोड्या वेळानं त्यांना आणखी एक गोष्ट कळली. ते फिरणं मध्येच थांबायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं. मिस्त्रींचं काम पाहण्यात ज्या बाईचा जन्म गेला तिला ते ओळखायला वेळ लागला नाही. फेरा पुरा झाला की मूठ बदलावी लागते. कितीही मोठा कारागीर असो, मूठ बदलताना हात क्षणभर सुटतोच.

त्या वाट बघत राहिल्या. फिरणं थांबलं. काकूंनी स्क्रू ड्रायव्हर उलटा वळवला, अगदी हलक्या हातानं.

स्क्रू मागे आला. पट्टी चौकटीपासून सुटली, एक सूतभर. काकूंनी डोळे उघडले आणि त्या फटीतून आत पाहिलं.

पलीकडे अंगण असायला हवं होतं. सकाळीच त्यांनी तिथे चादरी वाळत घातल्या होत्या. फटीत अंगण नव्हतं. तिथे स्क्रूची दांडी होती, आणि ती चालली होती. भिंतीची जाडी संपली तरी चालली होती, अंगण संपायला हवं होतं तिथूनही पुढे चालली होती, आणि जसजशी लांब जात होती तसतशी बारीक व्हायच्या ऐवजी मोठी होत होती. तिचे आटे आधी रेघांएवढे, मग रस्त्यांएवढे, मग डोंगरांच्या ओळींएवढे. त्यांच्या कडेनं काहीतरी सरकत होतं. काकूंना वाटलं धूळ असेल. मग कळलं, ते फार लांब आहे म्हणून धुळीएवढं दिसतंय. आणि त्याच्याही पलीकडे, जिथे दांडी पोचत होती, तिथे—

तिथे काय होतं ते विचारू नका. काकूंची नजर तिथवर गेली आणि आपोआप खाली वळली, देवळात वळते तशी. भीती वाटायलासुद्धा समोरचं थोडंफार आपल्या मापाचं लागतं. काकूंना भीती वाटली नाही. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडातून एवढंच निघत होतं, "अगं बाई... अगं बाई गं..."

तेवढ्यात आवाज आला. लांबून, त्या दांडीच्या अंगाअंगानं येणारा. धड धड धड धड, भराभर, इवल्या पावलांनी कुणी पळत यावं तसा. काकूंनी तो ओळखला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर ते यंत्र टेकवलं होतं तेव्हा हाच आवाज खोलीभर झाला होता, आणि लेक रडली होती. तो आता तिकडून येत होता आणि भिंतीपाशी येऊन अडत होता. पुन्हा येत होता, पुन्हा अडत होता.

स्क्रूनं पुन्हा फेरा घ्यायला सुरुवात केली. काकूंनी मनगटानं तो थोपवला. आणि मग त्यांनी जे केलं ते कुणाही शहाण्या माणसाला वेडेपणाच वाटेल. त्या फटीत तोंड घालून बोलल्या, दुसऱ्या मिस्त्र्याशी बोलावं तशा.

"जरा थांबा हो. तुमचं काम चोख आहे, मला कळतंय. पण हे लोखंड नाही. इकडे आम्ही लाकडासारखी माणसं. थोडी जागा ठेवा हो. जागा नसेल तर आमचं फाटतं."

फिरणं थांबलं.

किती वेळ थांबलं, सांगता येणार नाही. एवढं मोठं ते, ज्याच्याकडे नजर वर करून बघवत नव्हतं, ते एका बाईच्या मनगटापाशी थांबलं होतं आणि ऐकत होतं. काकूंनी श्वास रोखून अर्धा फेरा मागे घेतला.

धडधड जवळ आली, आणखी जवळ आली, फटीतून बाहेर पडली आणि त्यांच्या गालाला वारा लागून गेला. पडदा हलला.

"आई!" लेक किंचाळली. "हललं! आई गं, हललं!"

७

मग सगळंच हललं. नळ टपटपायला लागला, काचा थडथडल्या, कपाटाचं दार कुरकुरत उघडलं. पुढची कडी खाडकन निघाली आणि मिस्त्री हातोडीसकट पायरीवर जाऊन पडले. तसेच उठून, गुडघा चोळत, आत धावत आले. "ऐकलं मी! काय म्हणाली ती? हललं?"

"हललं," काकू म्हणाल्या. त्यांना हसूही येत होतं आणि रडूही.

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. ते पलंगाशी गेले, परत काकूंपाशी आले, कुठे जावं त्यांना कळेना. "गाडी बोलावतो. दाखवून तर येऊ. ऊठ तू आता, तिचं आवर."

काकूंनी स्क्रू ड्रायव्हरवरचा हात सैल केला. नुसता सैल केला, काढलासुद्धा नाही. स्क्रू लगेच फिरायला लागला.

"अं?" लेकीचा आवाज आला. "पुन्हा गप्प का झालं?"

काकूंनी मूठ आवळली. स्क्रू थांबला. "चाललंय, चाललंय," लेक सुस्कारा टाकून म्हणाली.

मिस्त्रींनी हे पाहिलं. त्यांनी काकूंच्या हाताकडे पाहिलं, मग फटीकडे पाहायला वाकले, आणि काकूंनी मोकळ्या हातानं त्यांची मान हलकेच बाजूला वळवली. "नका बघू," त्या म्हणाल्या. "बघून काही करता येत नाही."

"कोण आहे तिकडे?"

"कामाला लागलंय कुणीतरी. वाईट नाही हो. खूप... खूप मोठं आहे. त्याला आपण दिसतच नाही धड. त्याच्या बाजूनं आपण म्हणजे एक जरा ढिला राहिलेला स्क्रू."

"मग दे इकडे. मी धरतो. तू जा तिच्याबरोबर."

काकूंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. चांगले हात होते. या हातांनी त्यांचा संसार उभा केला होता. पण ज्या हातांना स्क्रू सैल जाणवला की तो कसल्याशिवाय राहवत नाही, असे ते हात होते. झोपेतसुद्धा त्यांनी तेच केलं असतं. मिस्त्रींना हे कुणी सांगायची गरज पडली नाही. त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला, आणि तो कुठे ठेवावा हे न कळून खिशात घातला.

"तुम्ही तिला घेऊन जा," काकू म्हणाल्या. "मी आहे इथे."

"कुठवर?"

पलीकडे मूठ बदलली जात होती. काकूंना ते बोटांत कळलं, आणि त्या थोड्या रेलून नीट बसल्या, पाय दुखू नयेत म्हणून एक पाय दुमडून घेतला.

पलंगावर लेक हसत होती. तिच्या गालांवर रंग परत आला होता. ती उशीला टेकून बसली होती आणि पोटावरचं कापड मध्येच एका बाजूनं उचललं जात होतं, मध्येच दुसऱ्या. तिला दाराआडचं काही दिसत नव्हतं, आई दाराशी बसून काहीतरी खुडबुड करतेय एवढंच.

"आई, ये ना गं," ती म्हणाली. "आत्ता, लगेच. हात लाव इथे, बघ कसं नाचतंय. मग थांबेल हं ते."

पलंग दोन पावलांवर होता.

"आले गं," काकू म्हणाल्या. "तोवर बाबांना लावू दे हात."

आणि त्यांनी दुसऱ्या हातानंही मूठ धरली.